पवित्र भूमीची गटयात्रा : खर्च करावा की न करावा?



वर्षातून एकदा तरी चर्चच्या सूचनाफलकावर एक रंगीत पत्रक लागते. वर बेथलेहेमचे किंवा जेरुसलेमचे चित्र, खाली दिवसांची संख्या आणि त्याखाली ठळक अक्षरांत रक्कम. रविवारची मिस्सा संपल्यावर भाविक त्यापुढे घटकाभर थांबतात, रक्कम वाचतात आणि घरी जातात. काहींच्या मनात मात्र ते पत्रक घर करून राहते. रेल्वेतून निवृत्त झालेले भुसावळचे एखादे गृहस्थ, जळगावच्या शाळेत आयुष्य घालवलेल्या बाई, धुळ्याच्या रुग्णालयातील परिचारिका. भविष्य निर्वाह निधीची रक्कम नुकतीच हाती आलेली असते. लहानपणापासून शुभवर्तमानात ऐकलेली गावे डोळ्यांपुढे असतात. आणि घरात मुलीचे लग्न, गळके छप्पर, शेतातली विहीर अशी कामे वाट पाहत असतात. मग फादरांना विचारले जाते : एवढा पैसा घालून गटाबरोबर परदेशी जाण्यात खरोखर अर्थ आहे का?

प्रत्येक घराचे उत्तर निराळे असणार. ते शोधताना उपयोगी पडेल अशी माहिती एकत्र द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे. माझे मत मात्र आरंभीच सांगून टाकतो. प्रथमच परदेशी निघालेल्या, इंग्रजी बेताचेच येणाऱ्या, साठीच्या आसपासच्या आपल्यासारख्या माणसाला गटयात्रा महाग पडत नाही. पण त्यासाठी दोन अटी आहेत. पैसा कर्जाचा नसावा. आणि गट कोण नेतो आहे व तो दिवस कसा घालवणार आहे, हे पैसे भरण्यापूर्वी कळलेले असावे. यांपैकी एक जरी अट पुरी होत नसेल तर तो खर्च मला पटत नाही.

संत लूकच्या शुभवर्तमानात (१४:२८-३०) प्रभू येशू बुरूज बांधू पाहणाऱ्या माणसाचा दाखला देतो. पाया घालण्यापूर्वी त्याने बसून खर्चाचा हिशेब करावा, नाहीतर अर्धवट बांधकाम पाहून लोक हसतील. तो दाखला शिष्यपणाविषयी आहे हे खरे. पण हिशेब करणे अश्रद्धेचे लक्षण नाही, एवढे तरी त्यावरून म्हणता येईल. आपल्याकडे उलट समजूत आढळते. यात्रेच्या बाबतीत पैशाचा विचार करणाऱ्याला कोत्या मनाचा मानतात.

यात्रेचे बंधन कोणावर?

आपल्या मुस्लिम शेजाऱ्यांना हज हे धर्मकर्तव्य आहे, आणि तेही ज्याला झेपेल त्यालाच. ख्रिस्तसभेने जेरुसलेमची यात्रा कोणावरही बंधनकारक केलेली नाही. रविवारची मिस्सा बंधनकारक आहे. विमानाचे तिकीट नाही. तरीही 'एकदा तरी जाऊन यायलाच हवे' असे भाविक एकमेकांना सांगतात, आणि न गेलेल्याला आपल्या श्रद्धेत काही उणे राहिल्यासारखे वाटू लागते.

हा वाद फार जुना आहे. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात एजेरिया नावाची एक भाविक स्त्री युरोपच्या पश्चिम टोकाकडून पवित्र भूमीला गेली आणि तिथल्या उपासनांचे सविस्तर वर्णन तिने लिहून ठेवले. त्याच सुमारास निस्साचा बिशप संत ग्रेगरी याने एका पत्रात अशा यात्रांविषयी सावधगिरीचा इशारा दिला होता. प्रभूने अशी यात्रा करण्याची आज्ञा दिलेली नाही, हा त्याचा मुद्दा. बायबलचे लॅटिन भाषांतर करणारा संत जेरोम तर इ. स. ३८६ पासून ४२० मध्ये मृत्यू येईपर्यंत बेथलेहेममध्येच राहिला. पण नोलाच्या पॉलिनसला लिहिलेल्या पत्रात त्याने, स्वर्गाचे दार जेरुसलेमकडून जसे उघडे तसेच ब्रिटनकडूनही उघडे, अशा आशयाचे लिहिले. स्वतः तिथे राहून त्याने हे लिहिले याची मला नेहमी गंमत वाटते. त्याला त्या भूमीचे मोल ठाऊक होते, आणि ती दुरून न पाहणाऱ्याचे काही अडत नाही हेही ठाऊक होते.

आधुनिक काळात पोप सहावे पॉल जानेवारी १९६४ मध्ये पवित्र भूमीला गेले. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये ते मुंबईच्या युखरिस्त परिषदेला आले. तेव्हापासून विमानाने जाणाऱ्या कॅथलिक यात्रेकरूंचा ओघ वाढला. २०२५ च्या ज्युबिली वर्षात रोमच्या पवित्र दारांतून जाण्यासाठी अनेकांनी धाव घेतली. परंतु ज्युबिलीची दंडमुक्ती आपापल्या धर्मप्रांतात बिशपांनी नेमून दिलेल्या चर्चमध्येही मिळत होती आणि आजारी माणसाला ती घरबसल्याही मिळत होती, हे फार थोड्यांच्या लक्षात आले.

सांगायचे ते इतकेच, की जायचे ठरवले तर ते इच्छेने ठरवावे. आपण जात आहोत ते प्रेमापोटी. ऋण फेडायला किंवा नवस चुकवायला म्हणून कोणी स्वतःला ओढून नेऊ नये.

पत्रकावरची रक्कम आणि घरातून जाणारी रक्कम

आता हिशेब. इस्रायल, जॉर्डन व इजिप्त अशी दहा दिवसांची यात्रा नेहमीची आहे. समजा, पत्रकावर माणशी १,६०,००० रुपये लिहिले आहेत. (भाव हंगामानुसार व विमानभाड्यानुसार बदलतात, हा आकडा केवळ उदाहरणादाखल.) पतिपत्नी दोघे मिळून ३,२०,००० झाले. बरीच घरे इथेच थांबतात आणि मनाशी म्हणतात, 'सव्वातीन लाख.'

पण पत्रकावरची रक्कम बहुधा मुंबईच्या विमानतळापासून मुंबईच्या विमानतळापर्यंतची असते. आपण राहतो जळगावला, धुळ्याला, साक्रीला, यावलला. खाली बारीक अक्षरांत 'जीएसटी वेगळा' असे असेल तर ५ टक्क्यांप्रमाणे १६,००० रुपये वाढले. गाईड, बसचालक व हॉटेलचे नोकर यांच्यासाठी माणशी दिवसाला ८ डॉलर बक्षिशी धरली आणि डॉलरचा भाव ९० रुपये मानला तर दहा दिवसांचे दोघांचे १४,४०० रुपये. पुष्कळ गटांत सकाळची न्याहारी व रात्रीचे जेवण समाविष्ट असते, दुपारचे नसते. माणशी १२ डॉलर धरले तर त्याचे २१,६००. दोघांच्या नव्या पासपोर्टचे शासकीय शुल्क ३,०००. मुंबईला जाणे-येणे व गाडीच्या वेळा जुळल्या नाहीत तर एक रात्र मुक्काम, ८,०००. बॅगा, चांगले बूट, गरम कपडे व औषधे, १२,०००. आणि ज्यांनी आल्यावर हात पुढे करून विचारायचे त्या सर्वांसाठी जैतुनाच्या लाकडाच्या जपमाळा, क्रूस, यार्देनच्या पाण्याच्या बाटल्या, यांचे २०,०००. हा शेवटचा आकडा कमी वाटत असेल तर आपल्या नात्यागोत्याची यादी एकदा करून पाहावी.

बेरीज ४,१५,००० होते. पत्रकापेक्षा ९५,००० अधिक. यात काही लबाडी आहे असे नव्हे. यांतला प्रत्येक खर्च टूर कंपनीला विचारला तर ती सांगते. आपण विचारत नाही.

याशिवाय टीसीएस नावाची एक रक्कम भरावी लागते. परदेश यात्रेच्या पॅकेजवर ती १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झाली व तिचे दर त्यानंतर पुन्हापुन्हा बदलले. म्हणून नोंदणीच्या दिवशीचा दर लेखी मागून घ्यावा. हा खर्च नव्हे. ती रक्कम आपल्या पॅन क्रमांकावर सरकारजमा होते आणि प्राप्तिकराचे विवरणपत्र भरले की करात वळती होते किंवा परत मिळते. पण ज्यांचे उत्पन्न करपात्र नाही असे निवृत्त लोक विवरणपत्र भरतच नाहीत, आणि त्यांचे पैसे तिथेच राहतात. परतल्यावर एखाद्या जाणकाराकडून विवरणपत्र अवश्य भरून घ्यावे.

शासनाची मदत मिळते का, असेही विचारले जाते. तमिळनाडू व आंध्र प्रदेश या राज्यांनी ख्रिस्ती यात्रेकरूंना जेरुसलेमसाठी अनुदान देण्याच्या योजना राबवल्या आहेत. महाराष्ट्राने २०२४ मध्ये जाहीर केलेली मुख्यमंत्री तीर्थ दर्शन योजना साठ वर्षांवरील व वार्षिक अडीच लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्यांसाठी होती आणि ती भारतातील तीर्थस्थळांपुरती होती. तेव्हा परदेशाच्या यात्रेसाठी त्या बाजूने आशा धरू नये.

एवढ्या पैशांत नेमके काय मिळते?

स्थळे पाहायला मिळतात, हे उत्तर अपुरे आहे. बहुतेक पवित्र स्थळांना प्रवेश फुकट असतो. गटयात्रेत आपण जे विकत घेतो ते दुसरेच असते : व्हिसाची खटपट कोणीतरी करते, विमानतळावर कोणीतरी पाटी घेऊन उभे असते, बस दाराशी येते, आजारी पडलो तर आपल्या भाषेत बोलणारे माणूस शेजारी असते. जॉर्डन व इस्रायल यांच्या सीमेवर तासन् तास चालणारी तपासणी व विचारपूस ज्याने अनुभवली आहे त्याला या सोबतीची किंमत सांगावी लागत नाही.

स्वतंत्रपणे जाता येत नाही असे नव्हे. इस्रायलने १ जानेवारी २०२५ पासून भारतीयांसाठी ऑनलाईन ई-व्हिसाची सोय केली. फ्रान्सिस्कन धर्मगुरूंची 'कासा नोव्हा' ही यात्रेकरूंची निवासस्थाने आहेत. जेरुसलेमहून बेथलेहेमला बस जाते. पुण्यात किंवा आखाती देशात नोकरी करणारा, इंग्रजी बोलणारा मुलगा बरोबर असेल आणि चार स्थळे कमी पाहिली तरी चालणार असतील, तर हा मार्ग चांगला. कदाचित अधिक प्रार्थनामयही. पण शुक्रवारच्या संध्याकाळपासून शनिवारच्या संध्याकाळपर्यंत शब्बाथामुळे इस्रायलमधील बहुतेक सार्वजनिक वाहने बंद असतात, अशा गोष्टी आधी ठाऊक हव्यात. दोन वृद्ध माणसांनी आपल्या जिवावर हे धाडस करू नये, असे मी सांगेन.

गटाची किंमत आपण पैशाखेरीज वेळेतही मोजतो, आणि या बाजूचा विचार फार कमी होतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये मी एका गटाबरोबर गेलो होतो. कफर्णहूमला, जिथे संत पेत्राचे घर दाखवतात आणि जिथल्या सभास्थानात प्रभूने जीवनाच्या भाकरीविषयी सांगितले, तिथे आम्हांला चाळीस मिनिटे मिळाली. त्याच दिवशी एका दुकानात दीड तास गेला. ख्रिस्ताच्या कबरीपाशी दोन तास रांगेत उभे राहिलो आणि आत अर्धे मिनिट. रांगेची तक्रार नाही. ती सर्वांनाच असते. दुकानाची आहे. जेथे बस थांबते तेथे विक्रीवर कुणाचे तरी कमिशन असते, हे समजायला आम्हांला चार दिवस लागले.

एक गोष्ट मात्र न्यायाने नोंदवली पाहिजे. बेथलेहेमच्या दुकानांपैकी कित्येक तेथील ख्रिस्ती कुटुंबांची आहेत. जैतुनाच्या लाकडावरचे कोरीव काम हा त्यांचा पिढ्यान् पिढ्यांचा धंदा. ऑक्टोबर २०२३ नंतर यात्रेकरू येणे थांबले आणि या कुटुंबांची रोजीरोटी बुडाली. काहींनी देश सोडला. जिथे प्रभू जन्मला तिथे त्याची उपासना करणारी माणसेच उरू नयेत, ही भीती केवळ बोलण्यापुरती नाही. म्हणून खरेदी करायचीच असेल तर बेथलेहेममध्ये करावी. त्याहून चांगले म्हणजे ज्या गटाचा एखाद-दुसरा मुक्काम बेथलेहेममध्ये असतो असा गट निवडावा, कारण तेथील हॉटेलात दिलेला पैसा तेथेच राहतो.

गट कोण नेतो?

माझ्या मते सगळ्या हिशेबाचे मर्म येथे आहे. एकाच भावाच्या दोन यात्रांपैकी एक आयुष्यभर पुरते आणि दुसरीचे फक्त फोटो उरतात. फरक हॉटेलच्या ताऱ्यांनी पडत नाही.

पहिली चौकशी मिस्साची करावी. पवित्र स्थळी गटाला मिस्सा अर्पण करायची असेल तर आगाऊ वेळ घ्यावी लागते. जेरुसलेमच्या याफा वेशीजवळील ख्रिस्ती माहिती केंद्रातून फ्रान्सिस्कन ही व्यवस्था पाहतात. तेव्हा 'रोज मिस्सा होईल' या आश्वासनावर न थांबता, कोणत्या दिवशी कोणत्या स्थळी वेळ राखून ठेवली आहे, असे विचारावे. ज्याने खरोखर आरक्षण केले आहे तो लगेच सांगतो. नासरेथ, बेथलेहेम आणि ख्रिस्ताच्या कबरीचे मंदिर, या तिन्ही ठिकाणी मिस्सा हॉटेलच्या सभागृहात होणार नसेल तर निम्मे काम झाले.

दुसरे, बरोबर येणारे धर्मगुरू. ते पूर्वी गेलेले आहेत का? मराठीतून चिंतन देणार का? गाईड तिथला असतो. इस्रायलमध्ये त्याला सरकारी परवाना लागतो आणि तो बहुधा इंग्रजीत बोलतो. हेरोद राजाने काय बांधले हे तो उत्तम सांगेल. पण गालीलच्या सरोवरात नाव थांबवून वादळाचा उतारा वाचणे आणि दहा मिनिटे सर्वांना गप्प बसवणे, हे काम गाईडचे नाही. आमच्या गटातल्या एका वृद्ध बाईंना इंग्रजीचे अक्षर कळत नव्हते; सहा दिवस त्या खिडकीतून बाहेर पाहत बसल्या. त्यांनी इतर सर्वांइतकेच पैसे भरले होते.

येथे एक नाजूक बाब आहे, पण धर्मप्रांताच्या पानावर ती लिहायला हरकत नसावी. ठराविक संख्येने प्रवासी जमवले की नेत्याची जागा मोफत, अशी टूरच्या धंद्यातली रीत आहे. ती जागा मोफत नसते. तिचा खर्च इतरांच्या रकमेत वाटलेला असतो. धर्मगुरू बरोबर हवे असतील तर तो खर्च उचलणे योग्यच आहे. फक्त ते उघडपणे सांगितले जावे. त्याने कोणाचा मान कमी होत नाही, आणि मागाहून होणारी कुजबुज टळते.

तिसरे, दिवसाची आखणी. दहा दिवसांत तीन देश म्हणजे दोन सीमा आणि बसमध्ये पुष्कळ तास. इजिप्तचा भाग वगळून त्याच दिवसांत फक्त पवित्र भूमी व जॉर्डन करणारे गट मिळतात. पिरॅमिड पाहिले नाहीत म्हणून कोणाची यात्रा अपुरी राहत नाही. सीनाय पर्वताची चढण रात्री असते; शिखर २,२८५ मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईहून सहाशे मीटरांहून अधिक उंच. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी पायथ्याच्या संत कॅथरीनच्या मठापाशी थांबायची सोय आहे का हे विचारून ठेवावे. जेरुसलेमच्या जुन्या शहरातील क्रुसाची वाट फार लांब नाही, पण ती दगडी, पायऱ्यांची आणि घसरडी आहे. शिवाय भुसावळच्या उन्हाळ्यात वाढलेल्या माणसाला मृत समुद्राच्या उन्हाचे भय नको. जेरुसलेमच्या फेब्रुवारीतील पावसाळी थंडीचे मात्र हवे.

लूर्द, फातिमा व रोम अशा युरोपच्या यात्रांना हेच निकष लागू पडतात. तिथे सीमेवरचा त्रास नाही, चालणे सोपे आहे आणि लूर्दला आजारी माणसांची फार चांगली व्यवस्था आहे. मात्र शेंगेन व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला प्रत्यक्ष जावे लागते आणि व्हिसा नाकारला गेला तर शुल्क परत मिळत नाही.

रद्द झाली तर?

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे विमाने थांबली. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी इस्रायलमध्ये हल्ला झाला आणि भारत सरकारला 'ऑपरेशन अजय' राबवून आपले नागरिक परत आणावे लागले. जून २०२५ मध्ये इराण व इस्रायल यांच्या युद्धात तिथले आकाश बंद झाले. सहा वर्षांच्या आत तीनदा. यापुढे पवित्र भूमीच्या यात्रेचा विचार करताना ती रद्द होऊ शकते हे धरूनच चालावे.

म्हणून विसार देण्यापूर्वी तीन गोष्टी कागदावर घ्याव्यात. आपण स्वतः रद्द केले तर किती कापणार. कंपनीने रद्द केले तर रोख परत देणार की पुढच्या यात्रेचे पत्र देणार. आणि परत देणार तर किती दिवसांत. प्रवास विमा अवश्य घ्यावा, पण तो कशासाठी ते समजून घ्यावे. आजारपण, अपघात, हरवलेली बॅग यांसाठी तो उपयोगी; युद्धामुळे होणारे नुकसान बहुतेक पॉलिसींत वगळलेले असते. मधुमेह, रक्तदाब लपवून पॉलिसी घेणे म्हणजे विमा न घेण्यासारखेच. निघण्यापूर्वी परराष्ट्र मंत्रालयाची सूचना पाहावी. आणि पैसे भरताना चेकने किंवा बँकेतून, कंपनीच्या नावाच्या खात्यावर भरावेत. ओळखीचा माणूस आहे म्हणून त्याच्या हातात रोख रक्कम देऊन पावती न घेणारे लोक आपल्याकडे अजून आहेत. माझ्या परिचयातील एका कुटुंबाचे पंचवीस हजार असेच गेले, आणि मागायला जायची त्यांना लाज वाटली.

कर्ज काढून जावे का?

नाही. येथे मला दुसरी बाजू दिसत नाही. खानदेशात कापसाचे पैसे दिवाळीनंतर येतात आणि जूनच्या पेरणीला पुन्हा उसने घ्यावे लागते. केळीची बाग एका वादळात आडवी होते. अशा घरात चार लाखांचे कर्ज तीन-तीन वर्षे फिटत नाही आणि घरच्यांच्या मनात त्या यात्रेविषयी कटुता साचते. सोने गहाण ठेवून गेलेल्या आईचे कौतुक पहिल्या महिन्यात होते. मग हप्त्याची तारीख येते.

ज्यांना मनापासून जायचे आहे त्यांनी उलट दिशेने जावे. ४,१५,००० रुपये तीन वर्षांत साठवायचे तर, व्याज धरले नाही तरी, महिन्याला साधारण साडेअकरा हजार लागतात; पाच वर्षांत सात हजारांच्या आत. पोस्टाच्या आवर्ती ठेवीत किंवा विश्वासातल्या भिशीत ही रक्कम टाकता येते. पाच वर्षांनीही इच्छा टिकली तर ती खरी. एकाच घरातून दोघांनी जाणे झेपत नसेल तर एकाने जाण्याचाही विचार व्हावा. आपल्याकडे हे सुचतच नाही. पतीला रस नसताना केवळ 'जोडीने' म्हणून तो जातो आणि हॉटेलात झोपून राहतो, असे मी पाहिले आहे.

निवृत्तीच्या पैशांविषयी एक साधे गणित घरी करून पाहावे. यात्रेनंतर उरणाऱ्या रकमेत एक मोठे आजारपण निभावेल काय? निभावणार असेल तर मुलांनी आईवडिलांना अडवू नये. चाळीस वर्षे कष्ट करून मिळवलेल्या पैशांवर त्यांचा पहिला हक्क आहे. 'म्हातारपणी कशाला' असे म्हणणारी मुले बहुधा त्या पैशांकडे डोळे लावून बसलेली असतात, हे अप्रिय असले तरी मला लिहिले पाहिजे.

जे जाणार नाहीत

आपल्या नाशिक धर्मप्रांतात नाशिक व अहिल्यानगरबरोबर जळगाव, धुळे व नंदुरबार हे जिल्हेही येतात. शहादा-तळोदा भागातील कित्येक भिल्ल व पावरा कुटुंबे ऊसतोडीसाठी घर सोडून गुजरातेत जातात. त्यांच्या चर्चमध्ये हे पत्रक लावावे की नाही, याचाही विचार व्हावा. त्यांच्यासाठी हरेगावची मतमाउली आहे, सप्टेंबरात जिथे लाखो भाविक पायी, ट्रॅक्टरने व एसटीने येतात. नाशिकरोडचे बाळ येशूचे मंदिर आहे, वांद्र्याची माउंट मेरी आहे. या यात्रा दुय्यम नाहीत. आपल्या भाषेतली मिस्सा, आपल्या भाषेतली गाणी आणि पापनिवेदन ऐकायला बसलेले धर्मगुरू, हे सारे तिथे आहे. वर उल्लेखिलेल्या वृद्ध बाईंना गालीलला ते मिळाले नव्हते.

पवित्र भूमीशी आपले नाते शुभ शुक्रवारच्या दानपेटीतूनही जोडलेले असते. त्या दिवशी जगभरातल्या चर्चमध्ये गोळा होणारे दान तिथली पवित्र स्थळे, शाळा व ख्रिस्ती कुटुंबे यांच्यासाठी जाते. फ्रान्सिस्कन १२१७ पासून त्या भूमीत आहेत आणि १३४२ मध्ये पोप सहावे क्लेमेंट यांनी त्यांच्याकडे तिथल्या रक्षणाची जबाबदारी सोपवली. दानाचा मोठा भाग त्यांच्याच हातून वापरला जातो. तिथला संघर्ष समजून घ्यायचा असेल त्यांनी दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'संघर्षयात्रा ख्रिस्तभूमीची' हे पुस्तक वाचावे. जाणाऱ्यांनी तर ते निघण्यापूर्वीच वाचावे. गाईड जे सांगणार नाही ते तिथे सापडेल.

शेवटी कागदपत्रांविषयी. ज्यांना दोन-तीन वर्षांनी जायचे आहे त्यांनीही हे काम आताच सुरू करावे, कारण पैशांपेक्षा यातच अधिक लोक अडकतात. स्नानसंस्काराच्या दाखल्यावर पेत्रुस, शाळेच्या दाखल्यावर पांडू आणि आधार कार्डावर तिसरेच काही, अशी नावे आपल्याकडे सर्रास आढळतात. स्त्रियांच्या बाबतीत माहेरचे व सासरचे आडनाव, त्यातही कुठे वडिलांचे तर कुठे पतीचे नाव मध्ये. पासपोर्टसाठी ही सर्व नावे व जन्मतारखा जुळाव्या लागतात. गरज पडल्यास राजपत्रात नाव बदलाची नोंद करावी लागते आणि त्याला काही महिने जातात. पासपोर्ट आधीच असेल तर त्याची मुदत प्रवासाच्या तारखेनंतर किमान सहा महिने शिल्लक आहे ना, हे पाहावे. जन्माचा दाखला नसेल तर स्नानसंस्काराच्या नोंदवहीतील उतारा धर्मग्रामाच्या कार्यालयातून मिळतो. जुन्या नोंदी शोधायला वेळ लागतो, म्हणून रविवारच्या गर्दीत न जाता आठवड्याच्या मधल्या दिवशी जावे.